उजवं मागचं चाकच का फिरतं?

पिकअपवाल्या ग्राहकांसाठी

रिकामी गाडी, पावसाने ओला झालेला चढ, पहिला गिअर. क्लच सोडला की मागचं एक चाक जागच्या जागी गरगरतं, आणि बहुतेक वेळा ते उजवंच असतं. टायरच खराब असणार, म्हणून लोक नवा टायर घालतात. टायर आम्हीही विकतो, पण आधी हे वाचा.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत मागची हाउसिंग, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी लोखंडी नळी, एकसंध असते. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणारा दांडा) पिनियन (हाउसिंगमधला छोटा गिअर) फिरवतो तेव्हा हाउसिंगलाही त्याच दिशेने पिळतो. डावं चाक दाबलं जातं, उजवं हलकं होतं. इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचं प्रमाण 4 धरा, म्हणजे शाफ्टवर 800. दोन चाकांमध्ये 1.4 मीटर अंतर असेल तर उजवीकडचा जवळपास 58 किलो भार डावीकडे सरकतो. पाटे आणि चॅसी त्यातला थोडा परत देतात, सगळा नाही. भरलेल्या गाडीत हे कळतही नाही. त्यात भर म्हणजे साधा डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरची जोडणी) दोन्हीकडे सारखाच जोर देतो, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला पेलेल तेवढाच दुसऱ्यालाही. डावं चाक कोरड्या डांबरावर असलं तरी नुसतं बघत बसतं.

डिफरन्शिअल चॅसीलाच बसवलेला असेल आणि चाकं स्वतंत्र हलत असतील, तर हा पीळ चाकांपर्यंत पोचत नाही. पण टनभर कांदा न्यायचा तर आमच्या मते एकसंध हाउसिंगच बरी.

जोर दिल्यावर मागून धडधड येत असेल तर दुखणं वेगळं. हाउसिंग चाकांच्या उलट फिरू पाहते, पिनियनचं तोंड वर उचलतं, पाटे नागमोडी वाकतात. पकड सुटली की झटक्यात सरळ होतात, पुन्हा वाकतात. मागच्या पावसाळ्यात अशी एक गाडी आली. मालकाने दोन टायर बदलून झाले होते आणि यू-बोल्टचे (हाउसिंग पाट्यांना आवळून धरणारे बोल्ट) नट हाताने फिरत होते! सेंटर बोल्टचं (पाटे मध्ये एकत्र धरणारा बोल्ट) भोक लांबट झालेलं.

म्हणून आम्ही आधी यू-बोल्ट, शॅकल बुश (पाट्यांच्या टोकाच्या सांध्यातले) आणि शॉकअप बघतो. काही गाड्यांत एक शॉकअप हाउसिंगच्या पुढे, एक मागे असतो. ती चूक नाही, ही धडधड रोखायलाच तसं केलेलं असतं. रोजच चिखलात जायचं असेल तरच लॉक होणाऱ्या (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या) डिफरन्शिअलचा खर्च करा.

वाटेत अडकलात तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि क्लच हळू सोडा. फिरणारं चाक अडलं की दुसऱ्यालाही जोर मिळतो. गाडी निघाली की हँडब्रेक सोडायला विसरू नका. जळक्या ब्रेक लायनरच्या वासाने आलेले ग्राहकही आम्ही पाहिलेत.