रसग्रहण (कवितेचे)

कवितेचा शब्दार्थ कळल्यानंतर तिच्यातील आशय, अलंकार, प्रतिमा आणि भाषेची घडण यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे व त्यातून मिळणाऱ्या अनुभवाला शब्दरूप देणे, यास मराठी साहित्यशिक्षणात रसग्रहण म्हणतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी कवितेच्या ओळींचे रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तीन अंगांनी करावे अशी अपेक्षा असते. ही विभागणी सोयीची असली, तरी कवितेत ही अंगे सुटी नसतात आणि उत्तम रसग्रहणात ती एकमेकांत मिसळूनच येतात.

या पद्धतीचा पाया संस्कृत काव्यशास्त्रात आहे. तेथे शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत. अभिधा सरळ, कोशातला अर्थ देते. तो अर्थ जुळेनासा झाला, की लक्षणा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ पुढे आणते. आणि व्यंजना न उच्चारलेला अर्थ सुचविते. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे याचे परंपरागत उदाहरण होय. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून ‘गंगेच्या काठावर’ असा लक्ष्यार्थ घ्यावा लागतो. पण ‘काठावर’ असे न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्याने त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य सूचित होते, तो व्यंग्यार्थ. काश्मीरचे आनंदवर्धन यांनी नवव्या शतकात या सूचित अर्थाला, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा मानले.

शाळेत मात्र पुष्कळदा अलंकार ओळखण्यापाशीच काम थांबते. ‘जसा’, ‘सम’, ‘परी’ दिसले की उपमा, ‘जणू’, ‘गमे’ दिसले की उत्प्रेक्षा, उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) एकरूप झाले की रूपक, अशी खूणगाठ विद्यार्थी बांधतात. ती उपयोगी आहे, पण अलंकाराचे नाव सांगणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे. हेच उपमान कवीने का निवडले, हा प्रश्न विचारला की रसग्रहणाला खरा आरंभ होतो.

खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर’ या ओळी पाहाव्यात. संसार हे उपमेय, तवा हे उपमान, ‘जसा’ हा साधर्म्यवाचक शब्द. दोहोंतला समान गुण मात्र पहिल्या ओळीत सांगितलेलाच नाही. तो दुसऱ्या ओळीत येतो, आणि तोही विशेषण होऊन नव्हे, तर एका रोजच्या कृतीच्या क्रमातून. ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ या दोन साध्या शब्दांवर येथे सारा आशय तोललेला आहे: चटका आणि भाकर यांचा क्रम उलटत नाही. शिवाय हा तवा दुरून पाहिलेला नाही. तो भाकरी भाजणाऱ्या हाताने अनुभवलेला आहे, आणि बोलीतील ‘चुल्ह्यावर’, ‘तंव्हा’ ही रूपे त्या हाताची ओळख पटवितात. ती प्रमाणभाषेत बदलली, तर अर्थ उरेल, पण बोलणारी बाई हरवेल.

कवितेचा विषय आणि तिचा आशय यांतील फरकही येथेच स्पष्ट होतो. ‘संसार’ हा विषय झाला. ‘संसारात दुःख असते’ एवढाच आशय काढणारा विद्यार्थी चटक्यांवर थांबतो व भाकर विसरतो. याच कवितेत पुढे, देवळाच्या कळसाला जसा लोटा म्हणू नये, तसे संसाराला कधी खोटे म्हणू नये, असे सांगितले आहे. त्यामुळे कष्ट मान्य करूनही संसाराची थोरवी राखणे हा आशय अधिक सयुक्तिक ठरतो. आशयाविषयीचे कोणतेही विधान असे कवितेतील शब्दांवर टेकलेले असावे लागते. वाचकाला वाटले म्हणून ते ग्राह्य होत नाही. मात्र एकाच कवितेचे एकाहून अधिक अर्थ शब्दांच्या आधारे टिकू शकतात.

रूपकाचा अर्थ लावतानाही हीच कसोटी लागते. तुकारामांनी एका अभंगात शब्दांना रत्ने म्हटले आहे आणि लगोलग शस्त्रेही. रत्ने जपून ठेवायची, शस्त्रे चालवायची. या दोन उपमानांतला ताण वाचकाने लक्षात घ्यावा लागतो. पुढे हेच शब्दांचे धन लोकांना वाटण्याची भाषा येते आणि जपून ठेवण्याचा अर्थ मागे पडतो. केवळ ‘येथे रूपक अलंकार आहे’ असे लिहिणाऱ्याच्या हाती ही हालचाल लागत नाही.