पार्श्वभूमी : खर्ज तारेत की डोक्यात?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा भोपळा, लाकूड आणि कारागिरांच्या पिढ्या यांवर बरेच छापून आले. सांगली-मिरजेत या वाद्यांच्या भोवती शंभर वर्षांपूर्वी झालेला एक वाद मात्र कुणाला फारसा आठवला नाही. स्वर नेमका असतो कुठे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न.

सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीची घडण, काढताना एकदा पाहावे. कारागीर घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो आधार, कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. घोडीच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो आणि तार त्यावर टेकत-सुटत थरथरते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. तो केसभर इकडेतिकडे झाला की बोलणारी तार मुकी होते. मोजपट्टी कुठेच नाही, कान म्हणेल ते प्रमाण. जवारी लागली की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या, तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो भास नव्हे. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो स्वर त्या तारेतच असतो, जवारी त्याला उठाव देते.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना मात्र माप हवे होते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीशी ताडून त्यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, गणिते मांडली आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि श्रुती वाजवणारी खास हार्मोनियम विलायतेत तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या बाजूला ती पटली नाही. देवलांच्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी. तरी गाणाऱ्याची श्रुती रागागणिक हलते, ती पट्टीवर खिळवून ठेवण्याचा आग्रह मला आजही अवघड वाटतो.

पुढे १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लेख लिहिला. तार ज्या बिंदूत छेडावी तिथे पेर, म्हणजे न हलणारा बिंदू, असलेले उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) उमटू नयेत, असा जुना नियम. या वाद्यांत ते ठणठणीत उमटतात आणि त्याचे कारण ती पसरट घोडी, हे त्यांनी दाखवले.

कानाचा अभ्यास तोवर युरोपात बराच पुढे गेला होता. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये म्हटले होते की आतल्या कानातले तंतू आपापल्या स्वराला झंकारतात. बेकेशी यांनी तिथे प्रत्यक्षात लाट सरकत जाते हे दाखवले आणि १९६१ चे नोबेल मिळवले. पण कानाच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट उरतेच. मोबाइलवर तंबोरा लावा. पुरुषी पट्टीचा खर्ज साधारण सत्तर हर्ट्झचा असतो, आणि एवढा खालचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. तरीही खर्ज ऐकू येतो, कारण वरचे उपस्वर ओळखून मेंदू त्यांचा पाया स्वतःच रचतो. २००५ मध्ये मार्मोसेट माकडांच्या श्रवणकेंद्रालगत अशा चेतापेशी सापडल्या, ज्यांना पायाचा स्वर हजर असो वा नसो, प्रतिसाद सारखाच. म्हणजे गंधार तारेत सापडतो, पण मोबाइलमधला खर्ज आपल्या डोक्यात.

अंगावर काटा का येतो, याचा शोध त्याहून अलीकडचा. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की आवडती जागा येण्याआधीच्या उत्कंठेत मेंदूच्या एका भागात डोपामिन हे आनंदाशी जोडलेले रसायन स्रवते आणि ती जागा आली की दुसऱ्या भागात. समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला हे वेगळे सांगायला नको. त्या प्रयोगात संगीत मात्र ज्याने-त्याने आपले निवडायचे होते, कारण एकाला शहारे आणणारी चीज दुसऱ्याला थंड ठेवत होती.