घरातला राउटर आणि घरातले नेटवर्क स्टोरेज : दोन वेगळ्या वाटांची पार्श्वभूमी

१ जून २०२१ पासून गूगल फोटोज या सेवेने अमर्याद मोफत साठवणूक बंद करून नवे फोटो १५ गिगाबाइटच्या सामाईक मर्यादेत मोजायला सुरुवात केली आणि घरातच नेटवर्क स्टोरेज, म्हणजे नॅस, ठेवावे का, हा प्रश्न अनेक सामान्य कुटुंबांपर्यंत येऊन पोहोचला. नॅस घेताना लोक डिस्क किती टेराबाइटची आणि कप्पे किती याचा बारकाईने विचार करतात, पण ती पेटी ज्या राउटरला जोडायची त्याच्याकडे बहुधा शेवटी पाहतात. त्यातही राउटरच्या खोक्यावर जो आकडा ठळक छापलेला असतो, तो नॅसच्या दृष्टीने बऱ्याचदा निरुपयोगी असतो. असे का झाले, हे कळण्यासाठी ही दोन उपकरणे वेगवेगळ्या गरजांतून कशी घडत गेली हे पाहावे लागते.

नेटवर्क स्टोरेजचा जन्म कार्यालयात आणि प्रयोगशाळेत झाला. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटवर, म्हणजे संगणक तारेने एकमेकांना जोडण्याच्या तंत्रावर, काम सुरू केले. १९८३ मध्ये ८०२.३ या क्रमांकाने त्याचे मानक ठरले. एका खोलीतल्या संगणकाची डिस्क दुसऱ्या खोलीतून आपलीच असल्यासारखी वापरता यावी, ही कल्पना मग लगेच मूळ धरू लागली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये यासाठी एनएफएस ही पद्धत आणली आणि त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगनबाम यांनी एसएमबी या फाइली वाटून वापरण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा पाया घातला, जी पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये रुजवली. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या सांबा या मुक्त प्रणालीमुळे लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला विंडोजशी एसएमबीच्या भाषेत बोलता येऊ लागले. घरगुती नॅस शक्य झाले ते मुख्यतः या कामामुळे, असे माझे मत आहे, कारण त्यानंतर स्वस्त प्रोसेसर, लिनक्स आणि सांबा एवढ्या सामग्रीवर छोटी स्टोरेज पेटी उभी करता आली. सिनॉलॉजी ही तैवानी कंपनी २००० मध्ये आणि क्यूनॅप २००४ मध्ये सुरू झाली. २००४ मध्येच लिंक्सिसने एनएसएलयू२ नावाची एक लहानशी डबी विकायला काढली, जिच्यात स्वतःची डिस्क नव्हती, पण दोन यूएसबी डिस्क जोडून त्या साऱ्या घराला वापरता येत. या सर्व परंपरेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या : जोडणी तारेची असेल आणि त्या जाळ्यातली माणसे विश्वासाची असतील.

राउटर घरात आला तो अगदी वेगळ्या कामासाठी. इंटरनेट सेवादात्याकडून मिळणारा पत्ता एक आणि घरातले संगणक अनेक, ही त्याची मूळ अडचण. १९९४ मध्ये मांडल्या गेलेल्या नॅट या तंत्राने एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक खाजगी पत्ते झाकता येऊ लागले आणि १९९६ मध्ये खाजगी वापराचे पत्ते अधिकृतपणे वेगळे काढले गेले, ज्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते आज बहुतेक घरांत दिसतात. २००२ च्या अखेरीस आलेला लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा या जातीचा नमुनेदार राउटर होय. त्याचे वाय-फाय कागदावर ५४ मेगाबिटचे आणि मागे घरातल्या संगणकांसाठी १०० मेगाबिटचे चार पोर्ट, म्हणजे तार खोचायच्या खाचा. त्याच्या आत लिनक्स असल्याचे लक्षात आल्यावर परवान्याच्या अटींनुसार कंपनीला त्याचा मूळ प्रोग्राम (सोर्स कोड) खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीचा प्रकल्प निघाला, जो कंपनीने सोडून दिलेल्या राउटरांनाही आजवर सुरक्षा दुरुस्त्या पुरवत आला आहे.

भारतातली परिस्थिती लक्षात घेतली तर राउटरची आतली बाजू दुर्लक्षित का राहिली, हे अधिक स्पष्ट होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते टेलिफोनच्या तारेवरून. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट ठरवली. अशा जोडणीच्या तुलनेत राउटरचा १०० मेगाबिटचा पोर्ट जवळजवळ चारशे पट वेगवान होता, त्यामुळे तो कमी पडतो असे कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते. तांब्याच्या साध्या केबलवरून १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट, नेणारे मानक १९९९ मध्येच तयार झाले होते आणि पुढे संगणकांत व नॅसमध्ये ते सर्रास दिसू लागले. स्वस्त राउटर मात्र वर्षानुवर्षे १०० वरच थांबले. वाढत गेला तो वाय-फायचा आकडा. खोक्यावर १२०० लिहिलेला राउटर म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ८६७ यांची कागदी बेरीज. अशा कित्येक राउटरांच्या मागचे पोर्ट मात्र १०० मेगाबिटचेच होते.

या फरकाची किंमत नॅस जोडल्यावर कळते. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० मेगाबिटच्या पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट जातात, म्हणजे एक टेराबाइटची पहिली प्रत घ्यायला पंचवीसेक तास लागतात. गिगाबिट पोर्टवर तेच काम अडीच तासांच्या आसपास होते. आजची साधी फिरती डिस्कसुद्धा सेकंदाला दीडशे मेगाबाइटहून अधिक वेगाने वाचता येते, त्यामुळे जुन्या पोर्टशी जोडलेले महागडे नॅस आपल्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानेही चालत नाही. तारेने जोडलेला संगणक आणि नॅस यांच्यातली माहिती राउटरच्या मुख्य प्रोसेसरकडे सहसा जातच नाही. पोर्टांना एकत्र जोडणारी स्विच चिप ती परस्पर पोहोचवते. म्हणून सेवादात्याने दिलेला राउटर बदलता येत नसेल, तर एक साधा गिगाबिट स्विच घेऊन संगणक आणि नॅस दोन्ही त्याला जोडणे हा उपाय पुरतो. वाय-फायची गोष्ट निराळी आहे, कारण हवेतली वाहिनी सर्वांची मिळून एकच असते. लॅपटॉप आणि नॅस दोन्ही एकाच वाहिनीवर असतील तर तीच माहिती हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. म्हणून निदान नॅस तरी तारेनेच जोडावे, हा आग्रह जुना असला तरी योग्य आहे.

राउटर आणि स्टोरेज एकाच पेटीत आणण्याचे प्रयत्नही झाले. अॅपलने जानेवारी २००८ मध्ये टाइम कॅप्सूल जाहीर केले : गिगाबिट पोर्ट असलेला वाय-फाय राउटर आणि त्याच्या पोटात ५०० गिगाबाइट किंवा एक टेराबाइटची डिस्क. कल्पना सुबक होती, पण डिस्क आणि राउटर यांचे आयुष्य सारखे नसते. एक निकामी झाले की दुसऱ्यालाही हात लावावा लागे. २०१८ मध्ये अॅपलने राउटरचा व्यवसायच बंद केला. इतर कंपन्यांनी राउटरला यूएसबी पोर्ट दिला आणि त्यात डिस्क खोचली की नॅस झाले, असा प्रचार केला. त्यात दोन अडचणी होत्या. यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि वाय-फायला त्रास देतो, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले. दुसरी अडचण अधिक गंभीर. अशा अनेक राउटरांत एसएमबीची पहिली, जुनी आवृत्तीच राहून गेली होती आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधील त्याच आवृत्तीच्या त्रुटीवरून जगभर थैमान घातले. त्यानंतर विंडोज १० मधून ती आवृत्ती बाजूला काढायला सुरुवात झाली आणि ज्या राउटरांना दुरुस्ती मिळाली नाही, त्यांना जोडलेल्या डिस्क नव्या संगणकांना दिसेनाशा झाल्या.

विश्वासाच्या जाळ्यात जन्मलेले स्टोरेज थेट इंटरनेटला भिडवले की काय होते, हे पुढच्या काही वर्षांनी दाखवून दिले. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रामने किमान पाच लाख उपकरणे ग्रासली होती आणि त्यांत अनेक कंपन्यांच्या राउटरांबरोबर क्यूनॅपची नॅस उपकरणेही होती. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या उपकरणांतली माहिती परस्पर पुसली गेली; त्यांना २०१५ पासून दुरुस्त्या मिळणे बंद झाले होते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर विषाणूने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. राउटरमधली यूपीएनपी ही सोय नॅसच्या विनंतीवरून बाहेरचे पोर्ट (इथे तारेची खाच नव्हे, तर इंटरनेटवरून आत येण्याचा क्रमांकित दरवाजा) आपोआप उघडते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. राउटर निवडताना ती बंद करता येते का आणि सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भारतीय घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. २०१२ मध्ये सेवादात्यांच्या सामाईक नॅटसाठी, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी, १००.६४ ने सुरू होणारा पट्टा राखून ठेवण्यात आला. येथील अनेक सेवादाते ग्राहकांना असाच सामाईक पत्ता देतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडले तरी परदेशी राहणाऱ्या मुलाला पुण्यातल्या घरचे नॅस दिसत नाही. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवर ते दिसू शकते, पण तिथे नॅटचा आडपडदा नसल्याने राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवणारी भिंत, नीट असणे भाग आहे. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झालेल्या वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीमुळे सांकेतिक केलेल्या खाजगी बोगद्यातून बाहेरून घरच्या जाळ्यात येणे बरेच सोपे झाले. हा बोगदा राउटरवरच चालवला तर त्याच्या प्रोसेसरचा कस खरोखर लागतो तो इथे, कारण हे सांकेतिकीकरण त्यालाच करावे लागते.

सध्याची पायरी २.५ गिगाबिटची आहे. २०१६ मध्ये आलेल्या ८०२.३बीझेड मानकाने भिंतीतल्या जुन्या कॅट ५ई केबलवरूनच २.५ गिगाबिट नेता येऊ लागले आणि हळूहळू घरगुती नॅसमध्येही तसे पोर्ट आले. राउटरांनी मात्र पुन्हा जुनीच सवय दाखवली : पुष्कळ मॉडेलांत असा पोर्ट एकच असतो आणि तो इंटरनेटच्या बाजूला राखलेला असतो, घरातल्या बाजूचे बाकीचे सारे गिगाबिटचेच राहतात. तो पोर्ट आतल्या बाजूला वळवता आला तरी संगणक दुसऱ्या गिगाबिट पोर्टवर असेल तर एकूण वेग गिगाबिटचाच राहतो. म्हणून माहितीपत्रकात वॅन (इंटरनेटच्या बाजूचे) आणि लॅन (घरातल्या बाजूचे) पोर्टांच्या ओळी वेगळ्या वाचाव्यात आणि लॅनच्या बाजूला २.५ गिगाबिटचे किमान दोन पोर्ट आहेत का, हे मोजून पाहावे. नसतील तर गिगाबिट राउटर घेऊन उरलेले पैसे २.५ गिगाबिटच्या स्वतंत्र स्विचवर खर्च करणे अधिक फायद्याचे ठरते.