इंटरप्रिटर, फंक्शनल शैलीतील

छोट्या संगणकीय भाषेतील आज्ञावली वाचून तिचे मूल्य काढणारी, केवळ फलनांच्या (फंक्शन : आदान म्हणजे दिलेले मूल्य घेऊन उत्तर परत देणारा घटक) जुळणीतून लिहिलेली आज्ञावली. मजकुराचे आधी पदावली-वृक्षात, म्हणजे क्रिया गाठींवर व त्यांची पदे फांद्यांवर असलेल्या मांडणीत, रूपांतर होते. मग ‘इव्हॅल’ हे फलन वृक्ष आणि नावांची मूल्ये नोंदवलेली यादी घेऊन फांदीफांदीवर स्वतःलाच बोलावते. (३ + ४) × २ मध्ये गुणाकाराची गाठ आधी आपल्या दोन्ही फांद्यांची मूल्ये मागते. ७ आणि २ हाती आले की १४ परत देते. कोणतीही नोंद खोडली जात नाही. नवे नाव आले की वाढवलेली यादी पुढे दिली जाते.

या रीतीचा उगम सामान्यतः लिस्प भाषेत मानतात. जॉन मॅकार्थी यांनी एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात लिस्पचे इव्हॅल लिस्पच्याच फलनांत मांडले. त्यामागील हेतू सैद्धांतिक होता. त्याचा प्रत्यक्ष इंटरप्रिटर होऊ शकेल हे स्टीव्ह रसेल यांनी ओळखले व आयबीएम ७०४ या यंत्रासाठी ते हाताने यंत्रभाषेत उतरवले. हे काम १९५८-५९ च्या सुमाराचे धरतात. म्हणजे १९६० हे प्रसिद्धीचे वर्ष आहे, जन्माचे नव्हे.

काही लेखक हा उगम १९३० च्या दशकातील तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कलनापर्यंत (फलने मांडण्याची व लागू करण्याची गणिती पद्धत) मागे नेतात. मात्र मॅकार्थींनी तेथून फक्त लेखनचिन्ह घेतल्याचे स्वतः सांगितले आहे आणि लिस्पमधील एक दोष त्याला पुष्टी देतो. ख = १० असताना ‘आदानात ख मिळवा’ असे फलन बनवले आणि ख = १ असलेल्या दुसऱ्या फलनातून ते ५ या आदानासह बोलावले, तर लॅम्डा कलनानुसार उत्तर १५ यायला हवे. १९६० च्या इव्हॅलच्या रीतीने ते ६ येते, कारण ख चे मूल्य फलन जिथे बनले तिथे न शोधता जिथून बोलावले तिथे शोधले जाते. हा प्रश्न पुढे ‘फनार्ग’ या नावाने गाजला. पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये फलनासोबत त्याच्या जन्मवेळची यादीही बांधून ठेवण्याची कल्पना मांडली; तिलाच क्लोजर म्हणतात. लिस्पच्या कुळात ही शिस्त १९७५ मध्ये सस्मन व स्टील यांच्या स्कीम भाषेने रुजवली. छोटा इंटरप्रिटर लिहिणारा नवशिक्या आजही नेमका इथेच अडखळतो, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

स्वतःच्याच भाषेत लिहिलेल्या इंटरप्रिटरला ‘मेटासर्क्युलर’ हे नाव जॉन रेनल्ड्स यांनी १९७२ मध्ये दिले. अशा इंटरप्रिटरने भाषेचा अर्थ पूर्ण ठरत नाही, हा त्यांचा आक्षेप सयुक्तिक आहे : आदानांची मूल्ये बोलावण्यापूर्वी काढायची की गरज पडल्यावर, हे यजमान भाषेच्या, म्हणजे इंटरप्रिटर ज्या भाषेत लिहिला तिच्या, सवयीवरच सुटते. एमएल व हॅस्केल या फंक्शनल भाषांत वृक्षाच्या प्रत्येक प्रकारासाठी इव्हॅलची एकेक ओळ लिहितात. एखादा प्रकार राहून गेल्यास कंपायलर (आज्ञावली चालवण्याआधी तिचे भाषांतर करणारी आज्ञावली) तशी सूचना देऊ शकतो.