क्राफ्ट रेसिडेन्सी प्रदर्शन

हस्तकलेत काम करणारा कलाकार एखाद्या संस्थेत किंवा कारागिरांच्या गावात काही आठवडे, कधी काही महिने राहतो, तिथलंच सामान वापरून काम करतो आणि मुक्काम संपत आला की ते लोकांसमोर मांडतो, ते म्हणजे क्राफ्ट रेसिडेन्सी प्रदर्शन. नागपूरकरांना दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा चांगला माहीत आहे. तिथे कारागीर मुख्यतः तयार माल विकायला आणतो, इथे मात्र त्या जागेमुळे काम कसं बदललं ते बघायचं असतं, त्यामुळे अर्धवट नमुने, भट्टीत तडकलेले तुकडे, वहीतली टिपणं पण मांडतात आणि ती बघण्यासारखी असतात.

अशा मुक्कामांची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. एक मत थेट 1666 मध्ये रोमला निघालेल्या फ्रेंच अकादमीपर्यंत मागे जातं, पण तिथे जाणारे मुख्यतः चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार होते आणि शिक्षण हा हेतू होता, त्यामुळे हस्तकलेशी हा धागा जरा ओढूनताणूनच जुळतो. दुसरं मत अमेरिकेतल्या मॅकडॉवेल कॉलनीपासून (1907) मोजतं, तिथे कलाकाराला निवांतपणा मिळायचा हे खरं, पण भट्टी किंवा माग हा काही त्या जागेचा गाभा नव्हता. मातीकामवाले बहुधा मोन्टानातल्या हेलेना इथल्या आर्ची ब्रे फाउंडेशनचं नाव आधी घेतात, 1951 च्या सुमारास विटांच्या कारखान्याच्या आवारात सुरू झालेलं, पीटर वौल्कस आणि रूडी ऑटिओ हे तिथले सुरुवातीचे कलाकार. माती, भट्टी आणि राहणं एकाच आवारात, म्हणून हस्तकलेपुरतं हे मत जास्त पटतं. विदर्भात बसून लिहिताना वर्ध्याच्या मगनवाडीचा विचार पण करायला हवा. 1934 चा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ आणि 1938 चं मगन संग्रहालय, म्हणजे उद्योग करून बघणं आणि त्याच्या वस्तू मांडणं दोन्ही तिथे होतं, फक्त भर कलाकारावर नव्हता, गावाच्या रोजगारावर होता.

भारतात कलाकारांना कामाला जागा देणारी दिल्लीचे गढी स्टुडिओ (1976) आणि खोज ही संस्था (1997) ही नेहमीची नावं. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण बस्तरमधल्या कोंडागावचं आहे, कलाकार नवजोत अल्ताफ यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या शांतीबाई, राजकुमार कोर्राम यांच्यासारख्या आदिवासी कलाकारांसोबत काम केलं आणि ते सगळ्यांच्या नावाने मांडलं गेलं.

नावाचा हा मुद्दा किरकोळ नाही. आपल्या भागातली करवतकाठी साडी घ्या, अंग टसर रेशमाचं, काठ सुती, आणि तीन धोटे (आडवा धागा नेणारी मागाची साधनं) चालतात, दोन काठांचे दोन नि अंगाचा एक, काठाचा बाणा (आडवा धागा) अंगाच्या बाण्यात अडकतो तिथे करवतीचे दात उमटतात. बाहेरून महिना-दीड महिन्यासाठी आलेल्या कलाकाराचा हात यावर बसत नाही, तो डिझाइन करतो, रंग ठरवतो, विणतो विणकरच, मग लेबलवर एकट्या पाहुण्याचं नाव लावणं चुकीचंच आहे. बस्तरच्या घडवा ओतकामात तर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळायचे, वरून परत माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून रिकाम्या झालेल्या जागेत पितळेचा रस जातो आणि शेवटी साचा फोडावाच लागतो, म्हणजे एका साच्यातून एकच नग. तो बिघडला तर परत पहिल्यापासून, त्यामुळे उद्घाटनाची तारीख ओतकाम करणाऱ्याला विचारूनच ठरवावी.

मुक्कामाच्या अटींकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं हे जनगढ सिंह श्याम यांच्या बाबतीत दिसलं. पाटनगढचा हा गोंड चित्रकार 2001 मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये राहून काम करत होता, तिथेच त्याने आत्महत्या केली. तो चित्रकार होता, कारागीर नव्हे, तरी मानधन किती, परत कधी यायचं, हे प्रश्न त्यानंतर लोककलाकारांच्या संदर्भात जोरात विचारले गेले.

प्रदर्शनानंतर एखादी कलाकृती यजमान संस्थेकडे ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कोणती ठेवायची, विक्रीतला वाटा कोणाचा किती, आणि विणकर-ओतारी यांना मजुरी वेगळी की वाट्यातच, हे मुक्काम सुरू व्हायच्या आधी त्यांना कळेल अशा भाषेत लिहून घ्यावं लागतं.