लॅपटॉप सारखा क्रॅश होतोय? आणण्याआधी फॉरमॅट मारू नका

स्क्रीनवर रंगीत पट्टे येतात, चित्र गोठतं, मधेच सगळं काळं होऊन परत येतं, किंवा निळ्या स्क्रीनवर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' दाखवून लॅपटॉप रीस्टार्ट होतो. या तक्रारीचे बरेच लॅपटॉप आमच्याकडे दुरुस्तीला आदल्याच दिवशी फॉरमॅट मारून येतात. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

विंडोज ग्राफिक्स चिपला (स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या चिपला) काम देतं आणि साधारण २ सेकंद वाट बघतं. उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, बंद करून पुन्हा चालू करतं; यालाच टीडीआर म्हणतात. याची नोंद विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ या क्रमांकाने सापडते. निळी स्क्रीन आली असेल तर बहुतेक वेळा मिनीडम्प फोल्डरमध्ये त्या क्रॅशची फाइलही असते. त्रास अपडेटनंतर सुरू झाला की आधीपासून होता, हे त्यावरून कळतं. फॉरमॅट मारला की हे सगळं जातं, आणि बॅकअप नसेल तर टॅलीचा डेटा आणि फोटोही.

शिवाय फॉरमॅटनंतर लॅपटॉप बरा झाल्यासारखा वाटतो. नव्या विंडोजवर सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर चालतो, त्यामुळे चिपवर ताणच येत नाही. मग नेट जोडलं की अपडेटमधून खरा ड्रायव्हर येतो आणि पट्टे पुन्हा सुरू. "काल तर मस्त चालत होता" असं ग्राहक म्हणतात, ते खरंच असतं.

घरी एवढं जरूर बघा. चालू करताना कंपनीचा लोगो येतो तेव्हाच पट्टे दिसले, तर विंडोजचा काही दोष नाही. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा: टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर पट्टे, तर बहुधा स्क्रीन किंवा तिची केबल गेली आहे, आणि हे काम मदरबोर्ड (चिप ज्यावर बसते ती मुख्य पाटी) बदलण्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. अनेकांचं काम तेवढ्यानेच होतं, आमच्याकडे यावंही लागत नाही.

लॅपटॉप दोन दिवस का ठेवून घेता, असं विचारतात. थंड मशीन सगळ्या चाचण्या पास होतं. जाळीतली धूळ काढून, चिपची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलून, तासन्‌तास लोडवर चालवल्याशिवाय आम्ही चिपला दोष देत नाही. चिपला हीट गनने गरम हवाही मारत नाही. त्याने लॅपटॉप काही दिवस चालतो, पण दोष बऱ्याचदा चिपच्या आतल्या जोडांत असतो आणि तो परत येतो. २००८ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने स्वतःच जाहीर केलं होतं की लॅपटॉपच्या काही चिपमध्ये पॅकेजिंगचं मटेरियल कमकुवत निघालं. त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. असा दोष बाहेरून गरम करून कायमचा जात नाही. चिप गेली असेल तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो आणि मदरबोर्डचा खर्च लॅपटॉपच्या किमतीशी ताडून दाखवतो.

तपासणीचे पैसे घेतो. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. येताना मूळ चार्जर आणा. नुसत्या बॅटरीवर ग्राफिक्स चिप पूर्ण ताकदीने चालत नाही, आणि बिघाड पकडता येत नाही.