दर्या, दऱ्या आणि हलका डेस्कटॉप

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पंधरा वर्षांचा जुना संगणक आहे. दोन जीबी रॅम, ड्युअल कोअर प्रोसेसर. दर पावसाळ्यात एकदा रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासावे लागतात, कारण इथल्या जून-जुलैच्या दमट हवेत काहीच कोरडे राहत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा संगणक ठेवायचा की भंगारात द्यायचा, असा प्रश्न समितीपुढे आला. ठेवायचे ठरले. त्यावर डेबियन हे लिनक्सचे मोफत वितरण घातले. खिडक्या, मेनू, पट्ट्या असे सगळे एकत्र देणारा तयार डेस्कटॉप मात्र घेतला नाही. ओपनबॉक्स नावाचा विंडो मॅनेजर (खिडक्यांच्या चौकटी आणि हालचाल सांभाळणारा प्रोग्रॅम), एक पॅनल आणि एक फाइल मॅनेजर असे सुटे भाग आणून जुळवले. लॉगिन झाल्यावर तीनशे एमबीच्या आतच रॅम लागते. बाकीची सगळी ब्राउझरला आणि पुस्तकांच्या नोंदवहीला मोकळी.

हे असे सुटे भाग जुळवता येतात, त्याचे मूळ १९८४ मध्ये आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत अथेना प्रकल्प चालू होता. तिथे बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम लिहिली. आजही वापरात असलेली एक्स११ ही तिची आवृत्ती १९८७ ची. या दोघांनी एक निर्णय फार विचारपूर्वक घेतला. एक्स फक्त पडद्यावर रेखाटणार आणि माऊस-कीबोर्डचे निरोप पोचवणार. खिडकीला चौकट कशी असावी, ती कुठे उघडावी, कशी हलावी, हे एक्स ठरवणार नाही. ते काम दुसऱ्या प्रोग्रॅमचे. जत्रेच्या नाटकाला रंगमंच आणि पडदे बांधणारा वेगळा असतो, नाटक बसवणारी मंडळी वेगळी. मंच तोच राहतो, नाटक दरवर्षी बदलते. एक्सने मंच बांधून दिला आणि नाटक ज्याचे त्याच्यावर सोडले. हलक्या डेस्कटॉपचा पुढचा सगळा इतिहास या एका मोकळिकीवर उभा आहे.

ही मोकळीक वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत टॉम लास्ट्रेंज होते. त्यांचा टीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर १९८७ चा. १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांना तोसुद्धा जड वाटला. तो रॅम फार खातो म्हणून त्यांनी त्याचा कोड कापून-छाटून एफव्हीडब्ल्यूएम तयार केला आणि वर एकाहून जास्त आभासी पडद्यांची सोयही दिली. म्हणजे हलकेपणाची ही खटपट जुन्या संगणकांसाठी मागाहून सुचलेली नाही. लिनक्स दोन वर्षांचे होते तेव्हापासून ती चालू आहे.

त्याच वर्षी मोठ्या युनिक्स कंपन्यांनी एकत्र येऊन सीडीई हा डेस्कटॉप जाहीर केला. तो देखणा होता, पण विकतचा. त्याच्यासारखे काहीतरी लिनक्सवर फुकट असावे म्हणून फ्रान्सच्या ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये एक्सएफसीई सुरू केले. सुरुवातीला ते एक्सफॉर्म्स या लायब्ररीवर, म्हणजे बटणे-मेनू रेखाटणाऱ्या तयार कोडवर, होते. ती लायब्ररी मुक्त नव्हती, म्हणजे तिचा कोड कोणालाही बदलून वाटता येत नव्हता, म्हणून रेड हॅट या लिनक्स कंपनीने ते आपल्या वितरणात घेतले नाही. फूर्दां यांनी मग १९९९ मध्ये सगळे जीटीके या मुक्त लायब्ररीवर नव्याने लिहून काढले. आज एक्सएफसीई जगभर चालते ते त्या कष्टामुळे. केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) हे मोठे डेस्कटॉपही त्याच काळातले, पण त्यांची गोष्ट वेगळी आणि लांब आहे. आमच्या ओपनबॉक्सचे मूळ १९९७ च्या ब्लॅकबॉक्समध्ये. तिसऱ्या आवृत्तीपासून मात्र तो संपूर्ण नव्याने लिहिला गेला.

गोव्यात हे सगळे पोचले ते २००० नंतर. सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी संगणक आले, ते याच दशकात. परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांमध्ये बसवून त्यांवर लिनक्स चालवण्याचे कामही तेव्हा गोव्यातल्या स्वयंसेवकांनी केले. जुन्या यंत्रावर काय चालेल, हा प्रश्न इथे तेव्हाच विचारला गेला होता.

पण मराठीचे काय? माझ्या मते या इतिहासातला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग इथे सुरू होतो, आणि हलक्या डेस्कटॉपवर लिहिणारे बहुतेक जण तो सोडून देतात.

टीडब्ल्यूएमच्या काळातला एक्स अक्षरे ठोकळ्यांसारखी एकापुढे एक मांडायचा. इंग्रजीला तेवढे पुरते. देवनागरीला पुरत नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, लिहिताना आधी. रेफ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. क आणि ष जुळून क्ष होतो. हे काम करायला वेगळी यंत्रणा लागते. ती लिनक्सवर पँगोच्या रूपाने आली आणि २००२ मध्ये ग्नोम २ बरोबर सर्वत्र पोचली. २००४ मध्ये रेड हॅटकडून लोहित हे मुक्त फॉन्ट मिळाले. पँगोच्या पोटात आता हार्फबझ नावाचे इंजिन हेच काम करते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसही तेच वापरतात. एक्सएफसीई २००३ मध्ये जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर गेले आणि पँगो त्याच्याबरोबर आपोआप आला. हलका डेस्कटॉप मराठीला खरा उपयोगाचा झाला तो तेव्हापासून.

हे किती नाजूक आहे ते एका शब्दजोडीत दिसते. आमच्या नोंदवहीत ‘दर्या’ या शब्दाची पुस्तके आहेत आणि ‘दऱ्या’ या शब्दाचीही. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. गोव्यात दोन्ही हाकेच्या अंतरावर. पहिल्यात र चा रेफ होऊन या च्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यात तो आडव्या पापणीसारखा या च्या आधी येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर जे दाबले की र आणि शिफ्ट-जे दाबले की ऱ. हातात एवढाच फरक. पण संगणकाला ही पापणी रेखाटता आली नाही, तर वाचकाने शोधलेले पुस्तक यादीत असूनही त्याला ओळखता येत नाही.

म्हणूनच मी आधी डीडब्ल्यूएम लावून पाहिला आणि काढून टाकला. २००६ चा हा विंडो मॅनेजर कोडच्या दोन हजार ओळींच्या आत राहायचा असे व्रत घेऊन लिहिलेला आहे, आणि त्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो अक्षरे काढायला पँगो वापरत नाही. वरच्या पट्टीत ‘सत्तरीच्या दऱ्या’ असे नाव आले तेव्हा त्त सुटून पडला, र्‍या चे तुकडे झाले. त्याला वेगळी पुरवणी जोडता येते, पण दर अपडेटला ती सांभाळणारे कोणी वाचनालयात नाही. ओपनबॉक्स हेच काम पँगोवर सोपवतो. काही एमबी जास्त लागतात, आणि ते मी आनंदाने देतो. मराठी मोडून मिळालेला हलकेपणा आम्हाला नको आहे.

आमचे पॅनल आणि फाइल मॅनेजर एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपचे आहेत. एलएक्सडीई २००६ मध्ये तैवानमध्ये होंग जेन यी यांनी सुरू केले. ते पेशाने डॉक्टर. त्यांचा पीसीमॅनएफएम हा फाइल मॅनेजर आधी आला, बाकीचे भाग भोवती जमत गेले, आणि विंडो मॅनेजर म्हणून त्यांनी ओपनबॉक्सच घेतला. पुढच्याच वर्षी आसूसचा ईईई पीसी हा छोटा लॅपटॉप बाजारात आला आणि हलक्या डेस्कटॉपला एकदम मागणी आली. त्याच वर्षी आपल्या शेजारी, रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत मुलांच्या हाती एक्सओ हे शाळकरी मुलांसाठीच बनवलेले लॅपटॉप पडले. २५६ एमबी रॅम आणि ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्या लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी सांभाळणाऱ्यांत जिम गेटिस होते. १९८४ मध्ये मंच बांधणारेच ते. मला हा धागा फार मोलाचा वाटतो. पुढे जीटीकेची तिसरी आवृत्ती जड वाटू लागली तेव्हा यी क्यूटी लायब्ररीकडे वळले आणि २०१४ मध्ये एलएक्सक्यूटीची पहिली आवृत्ती आली.

आता मंचच बदलतो आहे. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सच्या जागी वेलँड सुरू केले. त्यात मंच आणि नाटक पुन्हा एकाच प्रोग्रॅममध्ये आले. ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती, ३.६.१, ही २०१५ ची, आणि ती फक्त एक्सवर चालते. डेबियन १३ ने ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर इन्स्टॉल करण्याची सोयही बंद केली. आमचे यंत्र ६४ बिटचे आहे म्हणून वाचले. पण धागा तुटलेला नाही. लॅबडब्ल्यूसी हा नवा प्रोग्रॅम वेलँडवर चालतो आणि ओपनबॉक्सच्याच पद्धतीच्या फाइल वाचतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ओएसने ऑक्टोबर २०२४ पासून तोच मुळात बसवून दिला आहे.

ओपनबॉक्समध्ये मेनू म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. ती मी आमच्या ग्रंथपाल बाईंना शेजारी बसवून लिहिली. मी ‘लायब्ररी कॅटलॉग’ लिहिले होते, ते त्यांनी खोडायला लावले. आता उजवे बटण दाबले की चार ओळी येतात: पुस्तकांची नोंद, देवघेव, आजची वर्तमानपत्रे, बंद करा. गेल्या महिन्यात तीच फाइल एका रास्पबेरी पायवर नेऊन लॅबडब्ल्यूसीमध्ये उघडली. चारही ओळी जशाच्या तशा आल्या. मग नोंदवहीत ‘दऱ्या’ शोधून पाहिले, आणि पापणी जागेवर होती.